निळ्या ड्रममधलं पाणी

पाण्याचा दुसरा घोट विशाखाच्या घशाखाली उतरलाच नाही. पहिला उतरला होता, कारण वाळूजहून हडकोपर्यंत कंपनीच्या बसमध्ये उकडून निघालेल्या माणसाला पहिल्या घोटाची चव कळत नसते. दुसऱ्याची कळते. तिनं तो तोंडात धरला, जिभेवरून फिरवला आणि सरळ मोरीत थुंकला. मग पेला नाकाशी नेला. वास म्हणावा असा काही नव्हता. पण जिभेच्या मागं, पार पडजिभेपाशी, जुन्या सरकारी दवाखान्यात शिरल्यावर यायची तसली एक औषधी चव बसली होती, ती काही केल्या हलेना. तिनं चूळ भरली, तर चूळही त्याच पाण्याची. ही चव आपल्या ओळखीची आहे, असं तिला वाटलं, आणि ओळख पटली तसा तिनं पेला नाकापासून दूर धरला. हिला घरात काय काम? ही वाळूजला सोडून यायची गोष्ट. ही कंपनीच्या गेटच्या आत राहणारी. आणि आज ही आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या पेल्यात येऊन बसली?

फिनॉल. सासूबाई त्याला फिनेल म्हणायच्या आणि सून फरशी पुसायच्या औषधाच्या कारखान्यात साहेबीण आहे असं वैजापूरच्या पाहुण्यांना सांगायच्या. विशाखानं सुरुवातीला समजावून पाहिलं, मग नाद सोडला. कसं सांगणार, की ती पांढरीशुभ्र, खडीसाखरेसारखी दिसणारी वस्तू आहे आणि हवा लागली की लाजल्यासारखी गुलाबी होते? हिवाळ्यात ती ड्रममध्ये दगडासारखी गोठते, तिला गरम खोलीत ठेवून विरघळवावं लागतं, आणि वाळूजच्या मे महिन्यात तीच वस्तू आपली आपण पातळ होऊन बसते. तिच्यापासून जो चिकट रस होतो त्यानं गाड्यांचे ब्रेक लायनर चिकटतात, प्लायवूडचे थर चिकटतात, जुन्या घरांतली ती विजेची काळी बटणंही त्याचीच. घसा दुखला की मारायच्या फवाऱ्यातसुद्धा ती चिमूटभर असते. कोणे एके काळी डॉक्टर लोक शस्त्रक्रियेआधी हत्यारं तिच्यातच बुडवायचे. म्हणजे गुणाची आहे. विशाखा प्रयोगशाळेत नवी लागली तेव्हा तिला त्या गोडसर डांबरी वासाची किळसही वाटली नव्हती. उलट बरा वाटला होता तो वास. त्याचाच तिला पुढं राग आला, की जीव घेणाऱ्या गोष्टीला बरा वास असावा म्हणजे काय!

जीव घेणारी ती झाली बद्रीनाथच्या दिवशी. बद्रीनाथ पैठणकडचा, कंपनीत फिनॉलच्या पंपावर काम करणारा, दिवसभर गाणी म्हणणारा माणूस. पंपाच्या जोडातून गरम फिनॉल उडालं आणि त्याच्या मांडीवर पँट भिजली. विशाखा नमुना घ्यायला तिथं आली होती. तिनं ओरडून शॉवरखाली जा म्हटलं, तर तो हसला. "काय नाय मॅडम, नुसतं गार लागतंय." आणि ओल्या फडक्यानं त्यानं मांडी पुसली. तेच चुकलं. थोडं पाणी लावलं की ते जास्तच पसरतं आणि कातडीतून आत शिरतं. धो धो पाणी ओतायचं असतं, नाहीतर हात लावायचा नसतो. कातडी पांढरी पडली होती, दुखत नव्हती, कारण फिनॉल आधी संवेदनाच मारतं. आपण जळतोय हे जळणाऱ्याला कळूच देत नाही. चहा येईपर्यंत बद्रीनाथचे ओठ बधिर झाले, "मॅडम, तोंड जड वाटतंय," म्हणाला आणि खाली बसला. संध्याकाळी तो गेला. तेव्हापासून विशाखाला न दुखणाऱ्या गोष्टींचं भय बसलं. तिची मुलगी श्रेया लहानपणी पडली आणि रडली नाही, तर ही तिचे हातपाय चाचपत बसायची. नवरा भांडण अर्धवट सोडून गप्प झोपला, तर हिची झोप गेली. घरचे म्हणायचे, बाईला संशयाचं खूळ आहे. असेल. पण बद्रीनाथला ते खूळ थोडं असतं तर?

तर आता तिनं पेला खाली ठेवला आणि मागच्या दारी गेली. मागच्या पॅसेजमध्ये दोन ड्रम. एक जुना, काळा, लग्नानंतर घेतलेला. दुसरा निळा, नवाकोरा दिसणारा, पण नवा नव्हे. या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, कधी त्याहून उशिरा, म्हणून घराघरात, गच्चीवर, जिन्याखाली हे निळे ड्रम उभे असतात. देव्हारा एकवेळ नसेल, निळा ड्रम असणार. आणि ते सगळे येतात कुठून? वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांतून. कोणात साबण आलेला, कोणात रंग, कोणात देव जाणे काय. भंगारवाले धुतात, वास गेला की विकतात, आणि लोक त्यात प्यायचं पाणी भरतात. विशाखाला हे नोकरी लागल्यापासून ठाऊक होतं. गल्लीतून जाताना दुसऱ्यांच्या दारातले ड्रम बघून तिच्या अंगावर काटा यायचा. आपल्या दारात तिनं तो कधी येऊ दिला नव्हता. मग हा कसा आला? हा गोकुळनं आणला.

गोकुळ तिचा धाकटा दीर. वाळूजच्या बाजूला त्याचा टेम्पो आणि जुन्या ड्रमांचा धंदा. मागच्या आठवड्यात तो ड्रम दारात उतरवून गेला, विशाखा कामावर असताना. संध्याकाळी सासूबाई कौतुकानं ड्रमवर हात फिरवत होत्या. "माझ्या गोकुळनं आणला. तुला पाण्याची वढाताण हुती म्हणून." आता काय बोलणार? आपला तो बाब्या! वैजापूरच्या शेताच्या वाटणीवरून दोघा भावांत वर्षभर बोलणं नव्हतं, ते नुकतं कुठं सुरू झालं होतं, आणि ड्रम म्हणजे त्या समेटाचा नारळच होता. विशाखानं आत वाकून वास घेतला. काही आलं नाही. अतुल, तिचा नवरा, बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघणारा, मागं उभा राहून हसला होता. "झालं का नाक लावून? पोलिसांच्या श्वानपथकात घालू या तुला." सगळे हसले, तीही हसली. नळ आला तेव्हा ड्रम भरला, पाणी साठवायचं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं त्यात क्लोरीनचे थेंब टाकले. ते थेंबच आता चुगली करत होते. नुसतं फिनॉल नखाएवढं असलं तर पाण्यात कळत नाही. क्लोरीन भेटला की ते बोलायला लागतं, आणि बोलतं ते असं, दवाखान्यासारखं. हे तिला पाठ होतं. घरात मात्र कुणाला काही कळलं नव्हतं. अतुल पेलाभर पाणी गटागटा प्यायला आणि ओठ पुसत म्हणाला, "पाण्यासारखं पाणी आहे." चौथीतली श्रेया गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "मला नाही येत वास." तिला खोदून खोदून विचारलं तर वैतागली. सासूबाई, मुक्ताबाई, गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. "तुझ्या नाकातच कंपनी बसली हाय, विशाखा," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्रीपासून विशाखाचं घरात वावरणं बदललं. कदाचित खरंच नाकातच असेल, असं ती स्वतःला बजावायची. इतकी वर्षं त्या वासात काढली, त्याचं काही अंगात मुरलं नसेल कशावरून? लिंबू कापून वास घेई, साबणाचा घेई, श्रेयाच्या केसांचा घेई. सगळे वास आपापल्या जागी होते. म्हणजे नाक शाबूत होतं. मग श्रेयाला का कळत नाही? मुलांची जीभ तर मोठ्यांपेक्षा तिखट असते. की तिची जीभच बधिर झाली? हा विचार आला तशी ती झोपलेल्या पोरीच्या गालाला चिमटा काढून पाही, पोरगी कुशीवर वळे, आणि हिला हायसं वाटे, तेही क्षणभरच. मग गोकुळचा विचार. त्याच्या मनात वाईट असेल असं तिला वाटत नव्हतं, एवढं वाईट कुणी नसतं. पण तो निष्काळजी होता, आणि निष्काळजी माणसाचं तिला वाईट माणसापेक्षा जास्त भय वाटायचं. वाईट माणसाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. की असेल काही मनात? वाटणीच्या वेळी तो म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही शहरातले लोक, तुम्हाला मातीचं काय." तेव्हा तो हसत होता. हसत का होता? अशी ती छताकडं बघत पडायची आणि शेजारी अतुल घोरायचा. त्या घोरण्याचाही तिला संशय येऊ लागला होता, की हा खरंच झोपलाय की मला टाळतोय. ड्रमचं पाणी तिनं प्यायचं बंद केलं होतं, ऑफिसातून बाटली भरून आणायची, समोर असेल तेव्हा श्रेयालाही त्यातलंच पाजायची. पण ती कामावर गेली की घरचे ड्रमचंच पीत होते, कारण काळा ड्रम आंघोळीतच संपला होता आणि नळाला अजून चार दिवस होते. ओतून द्या म्हटलं असतं तर घर तिच्या अंगावर धावून आलं असतं. या गावात पाणी ओतणं आणि अन्न लाथाडणं एकच.

शुक्रवारी तिनं ते पाणी बाटलीत भरून कंपनीत नेलं. प्रयोगशाळेत दुपारच्या सुट्टीत कुणी नव्हतं. फिनॉल शोधायची एक तपासणी असते, पाण्यात ते असेल तर द्रावण लालसर होतं, जितकं जास्त तितकं लाल. नळी उजेडाकडं धरली तर रंग आला होता, पण इतका फिका, की पांढरा कागद मागं धरल्याशिवाय दिसेना. पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच. तिनं यंत्रात घालून आकडा काढला आणि कोष्टकाशी ताडून पाहिला. जिभेला कळण्यापुरतं होतं. माणसाला काही होण्यापुरतं त्याच्या कितीतरी पट लागतं. हे पाणी महिनाभर प्यालं असतं तरी तोंड वाकडं होण्यापलीकडं काही झालं नसतं. ड्रम एकदा नीट धुतला, वाफारला, की हेही उरलं नसतं. पोरगी सुखरूप होती. विशाखा स्टुलावर बसली आणि रडली. सुटल्याचं रडू होतं ते. पण रडू ओसरल्यावर खाली आणखी काहीतरी उरलं, आणि तिनं ते प्रामाणिकपणे चाचपून पाहिलं, तर ती खट्टू झाली होती. वास खरा होता. ती खरी होती. नाकात कंपनी नव्हती, ड्रममध्ये होती. पण आता घरी जाऊन 'वास होता, पण त्यानं काही होत नाही' असं सांगितलं, तर त्यातलं पुढचं अर्धंच सगळे ऐकणार. पुन्हा श्वानपथक. पुन्हा हसणं. आणि ड्रम जिथल्या तिथं. बसमध्ये नगर नाक्याच्या गर्दीत अडकली असताना तिनं ठरवलं, आकडा सांगायचा नाही. निदान ड्रम घराबाहेर जाईपर्यंत नाही. वाईट काही करतेय असं तिला वाटलं नाही. काळजीच करतेय असं वाटलं.

रविवारी दुपारी गोकुळ आला. तिनंच अतुलला सांगून बोलावलं होतं. तो मागच्या दारातच उकिडवा बसला, ड्रमवर थाप मारली. "वहिनी, साबणाचा ड्रम हाय हा. सोडा टाकून धुतला म्या सोता."

"साबणाचा कशावरून?"

"मालक म्हणला नव्हं."

"मालक म्हणाला! उंदराला मांजर साक्ष, भाऊजी. तो मालक येणार आहे का हे पाणी प्यायला?"

गोकुळ लालबुंद झाला. अतुल "अगं, हळू," म्हणाला. विशाखाला हळू बोलायचं नव्हतं. तिनं फिनॉल म्हणजे काय ते सांगितलं, बद्रीनाथ सांगितला, त्याची पांढरी पडलेली मांडी सांगितली, तो गार लागतंय म्हणून कसा हसला ते सांगितलं. सगळं खरं सांगितलं. शुक्रवारचं तेवढं सांगितलं नाही. बोलता बोलता तिला दिसत होतं, की प्रथमच या घरात कुणी हसत नाहीये. अतुलचा चेहरा पडला होता. गोकुळ ड्रमपासून हात काढून घेऊन पँटला पुसत होता. आणि त्यात तिला, खोटं कशाला बोला, गोड वाटत होतं.

मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. पंचाहत्तरीची बाई, रक्तदाबाची गोळी चालू, पण ताठ. "म्हंजे माझ्या लेकानं इख आणून ठिवलं म्हन तुझ्या दारात."

"तसं नाही म्हटलं मी, आत्याबाई."

"तसंच म्हणली. आण गं श्रेया तांब्या." पोरगी तांब्या घेऊन आली आणि रागरंग बघून आत पळाली. म्हातारीनं झाकण सरकवलं, तांब्या बुडवला आणि वर केला. "मायनं पेलं तर लेक खरा, न्हाय का?"

"आत्याबाई, नका पिऊ!" विशाखा ओरडली. आणि त्याच वेळी तिच्या मनात दुसरं वाक्य तयार होतं, अगदी ओठाशी होतं, की प्या, त्यानं काही होत नाही. तिनं ओरडणं निवडलं. मुक्ताबाईंनी डोळे मिटून अख्खा तांब्या रिकामा केला, शेवटी एक ढेकर दिला आणि पदरानं तोंड पुसलं. सगळे म्हातारीकडं बघत होते, आणि विशाखाही बघत होती. आपण कशाची वाट बघतोय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली, पण डोळे हटेनात. "ओठ बधिर वाटतात का?" तिनं विचारलं. हे तिनं का विचारलं? कंपनीतली सवय, दुसरं काय. "तोंड जड? हातपाय गार?"

म्हातारीनं ओठ चाचपले. "नाय," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "जड वाटतंय खरं." मग खाली बसली. कपाळावर घाम फुटला, श्वास लागला, आणि ज्या बाईनं नवऱ्याच्या मौतीला डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं ती "गोकुळ रं" म्हणून लहान पोरासारखी कण्हली. मग सगळी पळापळ. अतुल श्रेयापाशी थांबला. गोकुळ रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा घेऊन आला आणि रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसला. मागं विशाखा आणि तिच्या खांद्यावर मान टाकलेल्या मुक्ताबाई. "टी.व्ही. सेंटर चौकातला दवाखाना, भैया, जल्दी," गोकुळ म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. रिक्षा खड्ड्यांतून उडत चालली. विशाखानं सासूची नाडी धरली होती. नाडी जोरात पळत होती, पण भरलेली होती. हे विषाचं लक्षण नव्हतं. हे भीतीचं होतं, आणि भीती तिनं पाजली होती.

"विशाखा," मुक्ताबाई तिच्या कानाशी लागल्या. रिक्षाच्या आवाजात पुढं काही ऐकू जात नव्हतं, तरी त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पोरीचा घोर करू नको. तिला म्या त्या पाण्याचा थेंब दिला नाय. तू कामाला गेली की सरूबाईकडनं जारचं पाणी आणून तिची बाटली भरत हुते. घरात प्यायला बी तेच देत हुते तिला."

विशाखाच्या डोक्यात एकेक जुळत गेलं. शेजारची सरूबाई, तिच्याकडचा विकतच्या पाण्याचा जार, श्रेयाची न कळणारी चव. "म्हणजे तुम्हाला वास आला होता?"

"तुझ्या आधी आला. भरल्यावर पयला तांब्या काढला त्याच दिशी."

"मग तुम्ही कशाला पीत होतात, आत्याबाई?"

"म्या बी टाकलं असतं तर गोकुळच्या नावानं शिमगा झाला असता. आत्ता कुठं दोघं भाऊ एका ताटात जेवाया लागले. म्या म्हातारी, माझं काय जायचं हुतं?" त्या थांबल्या, दम घेतला. त्यांची बोटं विशाखाच्या मनगटात रुतली. "आता खरं सांग. तुझ्या लेकीची शप्पत हाय तुला. मरते का म्या?"

एका टँकरमागं रिक्षा अडली. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. विशाखाला वाटलं, हा हॉर्न असाच वाजत राहावा, म्हणजे बोलावं लागणार नाही. पण श्रेयाची शपथ होती, आणि म्हातारीच्या डोळ्यांत खरोखरीचं मरण दिसत होतं.

"नाही. काही होणार नाही तुम्हाला. अगदी नखाएवढं आहे ते. नुसती चव येते. मी कंपनीत नेऊन तपासलंय."

मुक्ताबाईंनी डोळे मिटले. छाती खाली-वर होत होती, ती सावकाश होऊ लागली. गालावर रंग येताना विशाखाला दिसला. वाटलं, झालं, सुटलो. टँकर हलला, रिक्षा पुढं निघाली, आणि मग डोळे न उघडताच म्हातारीनं विचारलं,

"कव्हा तपासलं?"

"शुक्रवारी."

शुक्रवार कधीचा आणि रविवार कधीचा, हे समजायला शाळा लागत नाही. मुक्ताबाईंनी विशाखाच्या खांद्यावरून मान उचलली, मनगट सोडलं आणि पदर सारखा करून त्या सीटच्या पार पलीकडच्या कडेला सरकून ताठ बसल्या.

"गोकुळ," त्यांनी खणखणीत हाक मारली, "रिक्षा माघारी घ्यायला सांग."

गोकुळनं घाबरून मान वळवली. "काय झालं, माय? वहिनी, काय झालं?"

विशाखानं तोंड उघडलं. आता सगळं कळणार, आणि कळावंच, असं तिला वाटलं. पण मुक्ताबाईंनीच उत्तर दिलं. "काय नाय झालं. उन्हाचं पित्त हुतं, उतरलं. तुझा ड्रम चांगला हाय, वहिनी म्हणती नीट धुतला की बास. चल घरी." गोकुळनं देवाचं नाव घेतलं, डोळे पुसले आणि रिक्षावाल्याला वळायला सांगितलं. वळणावर दोघी एकमेकींवर रेलल्या नाहीत. म्हातारीनं लोखंडी दांडा घट्ट धरला होता.

"आत्याबाई," विशाखा म्हणाली. तिला माफी मागायची होती.

मुक्ताबाईंनी बाहेर बघतच, हळू आवाजात, गोकुळला ऐकू जाऊ नये अशा बेतानं सांगितलं, "पोरीची पाण्याची बाटली इथून पुढं बी मीच भरीन. तू हात लावायचा नाय."